देवाला वाहिलेला बर्फ

सुभानराव पाटलानं बर्फ खाल्ला, म्हणून टाकेमाळचे घोडे मेले. दोष त्याचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडची म्हातारी माणसं ही गोष्ट सांगायला बसली की सुरुवात करतात, "काळच वाईट होता बाबा." काळ काही वाईट नव्हता. काळानं बर्फ खाल्ला नाही.

आता ऐका.

फार वर्षांपूर्वी, घाटाला मोटारीचा रस्ता नव्हता तेव्हा, टाकेमाळ हे घोड्यांचं गाव होतं. खालून मीठ यायचं, सुकी मासळी यायची, वरून गूळ आणि मिरची जायची, आणि हे सगळं जायचं यायचं ते तट्टांच्या पाठीवर. घरात किती माणसं असं कुणी विचारलं तर बायका घोडाही मोजून सांगायच्या. नवी सून उंबरा ओलांडायच्या आधी घोड्याला घास द्यायची. सकाळी सगळे घोडे टाक्यावर पाण्याला निघाले की त्यांचं खिंकाळणं खाली कोकणात ऐकू जायचं आणि तिथले लोक चुली पेटवायचे, असं म्हणतात.

गावाचा देव भैरुबा आणि गावाचा नियम एकच. आधी देवाचं. शेतातलं पहिलं कणीस देवाचं, म्हशीचं पहिलं दूध देवाचं, इथवर ठीक आहे. पण घाट चढून जे जे नवीन वर येईल तेही आधी देवाचं. पहिल्यांदा चहाची पूड आली तेव्हा भैरुबाला कोऱ्या चहानं आंघोळ घातली. पहिली काडेपेटी आली तेव्हा देवापुढं एकेक काडी ओढत ती पुरती संपवली आणि गाव पुढं कितीतरी दिवस चकमकीच घासत बसलं. यावर आजही कुणी हसत नाही. डोळे मिटून नमस्कार करतात.

देवाचा घोडाही होता. पांढराशुभ्र, नाव चांद्या. त्याच्यावर कुणी बसायचं नाही, ओझं घालायचं नाही. टाक्यावर तो पाणी प्यायल्याशिवाय दुसऱ्या घोड्यानं तोंड लावायचं नाही. आणि त्याच्या अंगावर डाग नको. रक्ताचा थेंब निघाला की घोडा देवाच्या कामातून गेला. आधीच्या घोड्याला बोरीच्या काट्यानं ओरखडा उठला होता, तर देवानं त्याला सोडलं असं म्हणतात. देवानं कशाला सोडलं असेल? पंचांनी सोडलं.

या गावात इलाही नालबंद राहायचा. गावाबाहेर, टाक्याच्या कडेला, एकटा. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. तरुणपणी तो पलटणीत गेला होता, खेचरांच्या तांड्यात, आणि जनावराला सुई टोचायचं तो तिथं शिकला. माणूस गोड नव्हता. ढिल्या नालानं घोडा हाकणाऱ्याला तो भर रस्त्यात म्हणायचा, "तुझ्याच पायाला ठोकतो, ये." म्हणून लोक त्याच्याकडं घोडा पाठवायचे आणि आपण लांब उभे राहायचे. माणसांशी भांडायचा आणि घोड्यांशी बोलायचा. त्याच्याजवळ एक तांबडी घोडी होती, गुलछडी. ती त्याच्या झोपडीच्या दारातून मान आत घालून झोपायची. रात्री त्याला खोकला आला की ती पाय आपटायची आणि खोकला थांबायचा, असं म्हणतात.

एका वर्षी पावसाळा सरता सरता खालून बातमी आली. घोड्यांना रोग आलाय. डोळ्यांच्या वरची खळगी असते ना, घोड्याच्या कपाळाच्या दोन्ही बाजूंना, ती भरून वर येते. मग श्वास घरघरतो. मग नाकातून पांढरा फेस, आणि घोडा उभ्या उभ्या बुडाल्यासारखा मरतो, कोरड्या जमिनीवर. हा रोग चिलटं आणतात, चावून, या घोड्याकडून त्या घोड्याकडं. आला की उपाय नाही. यायच्या आधी टोचलं तर घोडा वाचतो.

इलाही गुलछडीला घेऊन खाली उतरला. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात त्यानं सांगितलं, आमचे घोडे एवढे, औषध द्या. डॉक्टर म्हणाले, "औषध आहे, पण ते बर्फात ठेवावं लागतं. बर्फ संपला की औषध संपलं. तुझ्या गावापर्यंत बर्फ टिकेल का?"

"टिकवतो," इलाही म्हणाला.

"घोडी सोबत आहे, तिला इथंच टोचून घे."

"टोचल्यावर किती दिवस राबवायचं नाही?"

"तीन आठवडे तरी. चढ नको, ओझं नको."

"मग वर कोण नेणार? हिला शेवटी टोचतो."

बंदरावरून त्यानं बर्फाची लादी आणली, लाकडी पेटीत भुसा भरला, मध्ये बर्फ, बर्फाच्या पोटात औषधाच्या काचेच्या कुप्या, वरून ओलं गोणपाट. पेटी गुलछडीच्या पाठीवर बांधली आणि घाट चढायला लागला. त्या दिवशी ऊन असं होतं की दगडाला हात लावता येत नव्हता. पण एक ढग पेटीच्या वर छत्रीसारखा आला आणि वळणावळणानं घाट चढला, असं म्हणतात. म्हातारे हे फार रंगवून सांगतात. ढग कौतुकाचा, कारण ढगाला दोष देता येत नाही.

तो वर पोचला तेव्हा सकाळ होती आणि अर्धा बर्फ शिल्लक होता. सगळे घोडे तासाभरात टोचून झाले असते. एवढंच करायचं होतं.

पण सगळ्या घोड्यांचा प्रश्न म्हणजे सगळ्या गावाचा प्रश्न, म्हणून देवळापुढं बैठक बसली. इलाहीनं पेटी पिंपरीच्या झाडाच्या सावलीत ठेवली. सुभानराव मधोमध बसला. शेजारी तात्या गुरव. बाकीचे पंच तंबाखू मळत.

"काय हाय ह्या औषधात?" तात्या गुरवानं विचारलं.

"रोगच हाय," इलाही म्हणाला. "पण मारून मुटकून गरीब केलेला. घोड्याच्या रक्ताला त्याची वळख होती. खरा रोग आला की रक्त त्याला उभं करत न्हाय."

"म्हंजे रोग येऊ नये म्हणून आपणच रोग घालायचा? शाबास रं! उद्या चोर येऊ नये म्हणून एक चोर घरात झोपवू."

सगळे हसले. इलाही हसला नाही. म्हणाला, "पाटील, बर्फ वितळतोय. घोडी-घोडे टाक्यावर आणा."

सुभानरावानं मिशीवरून हात फिरवला. "आणू की. पण आधी देवाचं. आधी चांद्याला टोचलं पायजे."

"टोचतो."

"पर चांद्याला टोचलं की रगत निघणार. डाग लागणार. मग तो देवाचा कसा राहील?"

"मग त्याला ऱ्हाऊ द्या. बाकीच्यांना टोचतो."

"देवाच्या आधी?" तात्या गुरव ओरडला. "डोकं फिरलं का तुझं?"

बघा आता. देवाच्या घोड्याला टोचल्याशिवाय कुणाला टोचायचं नाही, आणि देवाच्या घोड्याला टोचायचंच नाही. ही गाठ बांधणारे समोरच बसले होते. त्यांनीच सोडवायची होती. ते पान लावत बसले.

गर्दीत मागं सगुणाबाई होती. मिठाची फेरी करणारी विधवा, एका तट्टावर तिचं घर चालायचं. ती उभी राहिली. "इलाहीदा, माझ्या तट्टाला टोच. आत्ता टोच. देवाच्या आधी टोचल्याचं पाप लागलं तर मला लागू दे."

"ए बाई, खाली बस," सुभानराव म्हणाला.

"खाली बसून तट्टू वाचणार हाय का, पाटील?"

तिथंच इलाहीनं टोचायला हवं होतं. कुप्या होत्या, सुई होती, तट्टू पाच पावलांवर होतं. नाही टोचलं. तो पाटलाच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. पलटणीत गेलेला, सगळ्यांना शिव्या घालणारा माणूस, पण होता याच गावचा. आधी देवाचं हे त्याच्याही हाडात बसलं होतं. गोष्ट सांगणारे हा भाग गाळतात. मी गाळत नाही.

मग सुभानरावाचं लक्ष पेटीकडं गेलं. "एवढं झाकून काय आणलंयस? बर्फ बर्फ म्हणतोस, दाव की."

टाकेमाळावर तोवर कुणी बर्फ पाहिला नव्हता. एक चिलीम ओढणारा उठला, गोणपाट उचललं, भुसा झटकला. आतून धूर निघाला. आग नाही आणि धूर! बायका मागं सरकल्या. सुभानरावानं एक खडा उचलला आणि चटकन या हातातून त्या हातात घेतला.

"आरं तिच्या मायला! भाजतंय!"

"पाटील, त्याला हात लावू नका," इलाही म्हणाला. "बर्फ गेला तर औषध मरंल."

"औषध मरंल? औषधाला जीव असतो व्हय?"

"असतो. ह्या औषधाला असतो."

यावर बैठक जी हसली, ती हसून हसून आडवी झाली. तेवढ्यात तात्या गुरव उभा राहिला. घाट चढून नवीन वस्तू आली होती, आणि ती अजून देवापुढं ठेवली नव्हती. आधी देवाचं. त्यानं ताट आणलं. बर्फ फोडून ताटात घेतला. भैरुबाच्या डोक्यावर बर्फ ठेवला, घंटा वाजली, आरती झाली, सगळी आरती, शेवटच्या कडव्यापर्यंत. मग प्रसाद वाटला. आधी मानकरी, मग पंच, मग म्हातारे. इलाही मध्ये पडला तर तात्या म्हणाला, "प्रसादाच्या ताटाला हात लावतोस?" आणि इलाहीचा हात मागं आला.

सुभानरावानं मोठा खडा तोंडात घातला आणि करकचून चावला. "आई गं!" गाल धरून तो वाकला आणि मग स्वतःच हसायला लागला. "दात गेला की रं माझा! लई मजा हाय पण. अजून आण." त्यानं अजून घेतला. सगळ्यांनी अजून घेतला. काही म्हाताऱ्यांनी उपरण्यात बांधून घरी नेला आणि वाटेतच उपरणं ओलं झालं. भर दुपारी कुप्या उघड्या भुश्यात पडल्या होत्या, उन्हात, चहासारख्या कोमट.

इलाही पेटीत दोन्ही हात घालून चाचपत होता. अगदी तळाला कोंबडीच्या अंड्याएवढा एक खडा भुश्यात राहिला होता. त्याला चिकटून एक कुपी. एका घोड्यापुरती.

गुलछडी त्याच्या खांद्याला नाक घासत उभी होती. समोर देवळाच्या खांबाला चांद्या. एका कुपीत एक घोडा वाचणार होता, आणि हातातला खडा वितळत होता. तो गुलछडीकडं वळला, तिच्या मानेवर हात ठेवला. असं म्हणतात, त्या वेळी तिनंच त्याला नाकानं पुढं ढकललं. मला वाटतं, त्यानं हिशेब केला. चांद्याला टोचलं की नियम पुरा होईल. मग पुन्हा बर्फ आणता येईल, मग बाकीच्यांना टोचता येईल. त्यात गुलछडीही आली.

तो देवळाकडं चालत गेला आणि कुणाला कळायच्या आत त्यानं चांद्याच्या मानेत सुई घातली. पांढऱ्या मानेवर रक्ताचा एक थेंब आला.

"घ्या," तो म्हणाला. "झालं आधी देवाचं. आता मी बर्फ घिऊन येतो. आल्यावर एकानं बी तोंड उघडायचं न्हाय."

हसणं थांबलं होतं. सुभानराव गाल धरून उठला. पंचांनी जागीच निकाल दिला आणि त्याला मात्र आरतीएवढाही वेळ लागला नाही. घोड्याला डाग लागला, घोडा देवाचा राहिला नाही. इलाही वाळीत. त्याला कुणी पाणी द्यायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. "हा घोडा बी तुझाच," सुभानराव म्हणाला. "ने."

त्यानं चांद्याला आपल्या झोपडीच्या अंगणात बांधलं. सगुणाबाईनं पदराआड मान हलवली, चारा मी घालीन. आणि तो गुलछडीला घेऊन उतरला.

खाली औषध संपलं होतं. लांबून रेल्वेनं यायचं होतं. तो थांबला. पौर्णिमा गेली, अमावास्या गेली, पुन्हा चंद्र भरत आला, तेव्हा औषध आलं. डॉक्टर पुन्हा म्हणाले, घोडीला टोचून घे. तो पुन्हा म्हणाला, वर कोण नेणार?

पुन्हा बर्फ, पुन्हा भुसा, पुन्हा घाट. अर्ध्यावर एक वळण आहे, तिथं मोठा काळा दगड आहे. तिथं गुलछडी थांबली. त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. डोळ्यांवरची खळगी भरून आली होती.

त्यानं पेटी सोडली आणि स्वतःच्या डोक्यावर घेतली. "चल गं," म्हणाला. ती चालली. पेटीतून पाणी गळत होतं, त्याच्या मानेवरून, पाठीवरून, वाटेवर. मागून टापा येत होत्या. त्या हळू झाल्या. मग श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. मग टापा येईनाशा झाल्या. तो वळला असता तर थांबला असता, आणि थांबला असता तर बर्फ गेला असता. तो वळला नाही.

वर आला. टाक्यावर पाणी होतं, घोडा नव्हता. गावात शिरला. कुठंच खिंकाळणं नाही. दारादारात घोडे आडवे पडले होते आणि अंगणं फेसानं पांढरी झाली होती. सगुणाबाई आपल्या मेलेल्या तट्टाची मान मांडीवर घेऊन बसली होती. वाळीत टाकलेल्याशी बोलायचं नाही हे विसरून तिनं विचारलं, "गुलछडी कुठाय?"

त्यानं उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून त्यानं कुणालाच उत्तर दिलं नाही.

जिवंत होता फक्त चांद्या. झोपडीपुढं उभा राहून तो खिंकाळायचा, कान टवकारून वाट बघायचा, आणि पुन्हा खिंकाळायचा. घोड्यांच्या गावात एकच घोडा. त्याला उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

पेटीत बर्फ होता, कुप्या होत्या. इलाहीनं पेटी चांद्याच्या पाठीवर बांधली. देवाच्या घोड्यावर ओझं! कुणी अडवलं नाही. तो माळापलीकडच्या वाड्यांवर गेला, तिथं रोग पोचला नव्हता. तिथल्या प्रत्येक घोड्याला टोचलं. असं म्हणतात की त्याला येताना पाहून ते घोडे दावी तोडून आले आणि एकामागं एक मान पुढं करून उभे राहिले. मग उरलेला बर्फाचा गोळा घेऊन तो परत घाटात उतरला, काळ्या दगडापाशी. गुलछडी तिथंच होती. पाय मुडपून, तोंड चढाकडं. त्यानं गोळा तिच्या कपाळावर ठेवला आणि तो वितळेपर्यंत बसून राहिला.

महिन्याभरानं पंच झोपडीपुढं आले. जत्रा जवळ आली होती आणि देवाला घोडा नव्हता. सुभानराव म्हणाला, "इलाही, लेका, झालं गेलं. तो डाग म्हंजे देवाचीच खूण व्हती, आमाला उशिरा उमगलं." चांद्या अंगणात उभा होता. इलाहीनं दावं सोडून पाटलाच्या हातात दिलं. पाटील ओढायला लागला. घोडा हलला नाही. पंचांनी मिळून ओढलं, हलला नाही. दावं तुटलं आणि पंच उताणे पडले, असं म्हणतात. हे खरं असावं अशी माझी फार इच्छा आहे.

पुढं पुष्कळ वर्षं इलाही आणि चांद्या डोंगरभर फिरले. पाठीवर पेटी, पेटीतून गळतं पाणी. जिथं घोडे तिथं ते जायचे. इलाही घोड्यांच्या कानात बोलायचा, माणसांशी नाही. त्याच्यावरचा बहिष्कार कुणी उठवला नव्हता. आता तोच उठू देत नव्हता. एका पावसाळ्यानंतर दोघं घाट उतरून गेले ते दिसले नाहीत. मेल्याचं कुणी पाहिलं नाही. पण जिथं जिथं पेटीचं पाणी ठिबकलं तिथं हरळी उगवली, आणि भर वैशाखात सगळा घाट करपतो तेव्हाही वाटेच्या मधोमध एक हिरवी रेघ दिसते. रेघ मी पाहिली आहे. खाली झरा असेल. असू दे.

टाकेमाळावर आता पुन्हा घोडे आहेत. पावसाळा सरला की जनावरांचे डॉक्टर जीपनं वर येतात, बर्फाचा डबा घेऊन. भैरुबासमोर आधी देवाच्या घोड्याला टोचतात आणि मानेवरचा रक्ताचा थेंब पुसत नाहीत. तो थेंब दाखवत घोडा गावभर फिरवतात, मग बाकीचे घोडे टाक्यावर येतात. त्या सकाळी घाटातल्या काळ्या दगडावर बर्फाची एक लादी ठेवतात. गावातले सगळे म्हातारे तिथं उन्हात उभे राहतात, डोक्याला काही न बांधता, ती वितळेपर्यंत. बसायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. आमच्या गावात लग्नातसुद्धा सरबतात बर्फ घालत नाहीत. गारेगारवाला वेशीवरून परत जातो. याला इलाहीचा उपास म्हणतात.

म्हातारे उभे राहतात, डोळे पुसतात आणि घरी येऊन सांगतात, काळच वाईट होता. देवळाच्या पायरीवर सुभानरावाचं नाव कोरलेलं आहे. तो मरेपर्यंत पाटील होता, अंथरुणात मेला, आणि त्याच्या तेराव्याला सगळं गाव जेवलं.

इलाहीची गुलछडी गेली. सुभानरावाचा एक दात गेला.